पाठराखण

जुन्या काळी नवी नवरी सासरी निघाली की तिच्यासोबत एक पाठराखीण जात असे. कधी धाकटी बहीण, कधी आजी, तर कधी आळीतील एखादी पोक्त, अनुभवी स्त्री. परक्या घरातील पहिले चार दिवस नवरीला एकटे वाटू नये, रात्री दिवा मालवल्यावर माहेरच्या बोलीत दोन शब्द बोलता यावेत, एवढाच त्यामागचा हेतू. पाठराखिणीला सासरी कोणतेही काम नसे. ती नुसती सोबत असे, आणि तिचे असणे हेच तिचे काम असे.

माझे लग्न २००५ साली वसईतील आमच्या धर्मग्रामाच्या देवळात झाले. सासरी राहायला मात्र मी गेले ती २०२३ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. या वयात पाठराखीण म्हणून कोण येणार? माझ्यासोबत दोघीजणी आल्या. एक मोती नावाची तांबूस रंगाची गावठी कुत्री आणि दुसरी मनी नावाची मांजर. तिसरा सोबती मागे राहिला. या लेखात त्या तिघांविषयी लिहायचे आहे. पण मुक्या प्राण्यांविषयी लिहिताना माणसांविषयीही लिहावे लागते, त्याला इलाज नाही.

माझे पती पश्चिम आयर्लंडमधील मेयो परगण्याचे. नोकरीच्या निमित्ताने ते मुंबईत आले, आमची ओळख झाली, आणि लग्नानंतर बाबांनी आपल्या वाडीच्या कडेला दिलेल्या जागेत आम्ही घर बांधले. सतरा वर्षे ते माझ्या माहेरी राहिले. गावात त्यांना सगळे प्रेमाने 'घरजावई' म्हणत आणि या शब्दाचा अर्थ कळल्यावर तेही हसत. पानवेलीच्या सावलीत खुर्ची टाकून बसणारा, दादाबरोबर केळीला पाणी लावणारा हा मनुष्य कधीकाळी दुसऱ्या मातीतून आला आहे, हे आम्ही सर्वच विसरून गेलो होतो. २०२२ च्या उन्हाळ्यात सासूबाई अंगणात पडल्या, तेव्हा ते आम्हाला आठवले.

सासूबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. हाड मोडले नव्हते; परंतु त्यांची दृष्टी हळूहळू जात असल्याचे त्या पडण्यामुळे उघड झाले. डोळ्यांच्या मध्यभागी काळोख साचत होता, कडेचे तेवढे दिसत होते. त्यांना मुलगा एकच. त्याने मला एकदाही 'आपण तिकडे जाऊ या' असे म्हटले नाही. म्हणण्याची गरजही नव्हती. सतरा वर्षे तो माझ्या देशात राहिला होता. आता फेड माझ्याकडे होती. जुन्या करारातील रूथ सासूच्या मागोमाग तिच्या देशी गेली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मवाबात ती काय काय मागे सोडून गेली, याविषयी मात्र ती कथा फारसे बोलत नाही. त्या दिवसांत मला सारखा तोच प्रश्न पडत असे.

आमच्या घरी तेव्हा तिघे होते. मोती सहा वर्षांची, पावसात बावखलाच्या काठी सापडलेली. मनी चार वर्षांची, कुणाचीच नसल्याच्या थाटात सर्वांच्या मांडीवर बसणारी. आणि राजा. राजा माझा नव्हे, बाबांचा. २००९ साली बाबांनी त्याला पिशवीत घालून आणला होता. २०१८ साली बाबा गेले, त्यानंतर राजाने घरात झोपणे सोडले. ज्या ओट्यावर बाबा संध्याकाळी जपमाळ घेऊन बसत, त्या ओट्यावरच तो रात्र काढू लागला.

आम्हाला मूल नाही. त्यामुळे लोक प्रेमाने म्हणत, "हीच तुमची मुले." मला ते कधी पटले नाही. ती मुले नव्हती, जनावरे होती. आपल्या भरवशावर जगणारी जनावरे. तेवढे नाते मला पुरेसे होते आणि त्याचे ओझेही पुरेसे होते.

प्राणी परदेशी न्यायचा म्हणजे तिकीट काढून विमानात बसायचे, अशी माझी समजूत नव्हतीच. तरीही नियमांची वही समोर आली तेव्हा छाती दडपली. त्याचा क्रम सांगते, कारण ज्यांची मुले-सुना परदेशी स्थायिक होत आहेत अशा घरांना तो उपयोगी पडेल. युरोपीय संघाच्या नियमांनुसार प्रथम प्राण्याच्या मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप बसवतात. तिच्यावर पंधरा आकडी क्रमांक असतो. चिप बसवल्यावरच रेबीजची लस टोचायची. चिपच्या आधी टोचलेली लस धरली जात नाही, कारण ती याच प्राण्याला टोचली याला पुरावा नसतो. त्यानंतर किमान ३० दिवस थांबून रक्ताचा नमुना घ्यायचा आणि युरोपने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत तो तपासून घ्यायचा. रक्तातील प्रतिकारशक्तीचे प्रमाण दर मिलीलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून अधिक असावे लागते. ते तसे निघाले तरी लगेच निघता येत नाही. रक्त घेतल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबावे लागते. हा तीन महिन्यांचा वनवास भारतासारख्या, रेबीजचा धोका मोठा असलेल्या देशांतून येणाऱ्या प्राण्यांनाच असतो. सर्वांत शेवटी सरकारी पशुवैद्यकाच्या सहीशिक्क्याचे आरोग्यपत्र आणि भारत सरकारच्या पशु संगरोध कार्यालयाचा निर्यात दाखला. आयर्लंडला जाणाऱ्या कुत्र्याला आणखी एक अट असते. तेथे पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत पशुवैद्यकाने त्याला पट्टकृमीचे औषध द्यावे लागते. मांजरीला ही अट नाही.

एवढा काच कशासाठी, असे मनात येते. पण आपल्या देशाकडे पाहिले की उत्तर मिळते. जगात रेबीजने जे मृत्यू होतात, त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आयर्लंडमध्ये १९०३ नंतर रेबीज नाही. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या त्या बेटाने तो समुद्र कुंपणासारखा जपला. २०१२ पूर्वी आमच्यासारखे कुणी भारतातून गेले असते, तर प्राण्याला सहा महिने संगरोधगृहात कोंडून ठेवावे लागले असते. त्या मानाने रक्ततपासणी आणि घरच्या ओसरीवर काढलेले तीन महिने ही सवलतच म्हणायची.

ऑगस्ट २०२२ मध्ये चिप आणि लस झाली. सप्टेंबरच्या मध्याला रक्त घेतले. मोतीचा निकाल उत्तम आला. मनीचा आकडा मात्र ०.५ च्या खाली राहिला. पुन्हा लस, पुन्हा प्रतीक्षा, नोव्हेंबरच्या मध्याला पुन्हा रक्त. या वेळी ती उत्तीर्ण झाली. पण तीन महिन्यांची मोजणी नव्याने सुरू झाली. तिकडे दिवस आखडत चालले होते. डिसेंबरात मेयोमध्ये सकाळी नऊच्या सुमारास उजाडते आणि साडेचारच्या आत मावळते. तेवढा मोठा काळोख सासूबाईंनी एकटीने काढू नये म्हणून पती नोव्हेंबरातच पुढे गेले. मी तिघांना घेऊन मागे राहिले.

राजाला चिप बसवली होती, लसही दिली होती. त्याच्या रक्ताचा निकालही चांगला आला होता. कागदावर तो निघण्यास पात्र होता. परंतु जानेवारीत त्याला रात्री खोकला येऊ लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितले, हृदय मोठे झाले आहे, फुप्फुसात पाणी धरू लागले आहे. विमानाच्या ज्या भागात प्राणी ठेवतात तेथे हवेचा दाब आणि तापमान माणसांच्या कक्षासारखे राखलेले असते, हे मला ठाऊक होते. पण प्राण्याला गुंगीचे औषध देऊन पाठवणे सुरक्षित नसते, आणि शुद्धीवर असलेल्या, चौदाव्या वर्षात पडलेल्या, धाप लागलेल्या जिवाने अठरा तास आवाजात आणि अंधारात काढायचे होते. डॉक्टर म्हणाले, "औषधावर इथे काही महिने सुखाने राहील. प्रवासाची हमी मी देणार नाही."

आमच्यापुढे तीन मार्ग होते. राजाला घेऊन जाणे आणि जे होईल ते स्वीकारणे हा पहिला. त्याचे दिवस संपेपर्यंत थांबणे हा दुसरा. त्याला मागे ठेवणे हा तिसरा. चौथा मार्गही एकाने सुचवला, एक इंजेक्शन. पण राजाला वेदना नव्हत्या. शेपटी हलत होती, भात-मासळीचा वास आला की तो उठून बसत होता. माझी सोय व्हावी म्हणून त्याचे जगणे संपवणे माझ्या हातून होणे शक्य नव्हते. थांबावे, असे मनाने फार घेतले. परंतु थांबणे म्हणजे एकाच्या मरणाची वाट पाहत दुसऱ्याच्या म्हातारपणाला ताटकळत ठेवणे. पतींचा फोन रोज येई. सासूबाईंनी चहा कपाबाहेर ओतला, सासूबाई जिन्याची एक पायरी चुकल्या. राजाचा हिशेब महिन्यांचा होता, सासूबाईंच्या डोळ्यांतील उजेडाचाही महिन्यांचाच.

अखेरीस निर्णय दादाने सोपा केला. तो म्हणाला, "राजा बाबांचा. बाबांचा ओटा इथे आहे. मग तो कुठे जाणार? तू जा. त्याचं मी बघतो." वहिनींनी औषधांच्या वेळा कागदावर लिहून स्वयंपाकघरातील कपाटाच्या दारावर चिकटवल्या. मी राजाला मागे ठेवले. तेव्हाही तो निर्णय मला योग्य वाटला होता, आजही वाटतो. मात्र योग्य निर्णयाचे दुःख होत नाही, असे कुणी म्हणत असेल तर ते खरे नाही.

याच काळात नात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला स्पष्ट विचारले, "मुली, कुत्र्या-मांजरांवर एवढा पैसा? तेवढ्यात एखाद्या गरिबाच्या पोराचे शिक्षण झाले नसते का?" प्रश्न कठोर होता, पण खोटा नव्हता. दोघींच्या तपासण्या, पेट्या आणि भाडे यांचा खर्च आम्हा दोघांच्या तिकिटांपेक्षा अधिक झाला होता. कॅथॉलिक धर्मशिक्षणाच्या १९९२ च्या ग्रंथातही दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी सांगितल्या आहेत. प्राणी ही देवाची निर्मिती असून मनुष्य त्यांना दयाळूपणाचे देणे लागतो, आणि मनुष्याच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा आधी खर्ची पडायला हवा, तो प्राण्यांवर उधळणे योग्य नव्हे. मी त्या गृहस्थांशी वाद घातला नाही. एवढेच म्हणाले, "दादासाहेब, ज्याला मी दारात घेतले त्याला दाराबाहेर काढून वाचवलेला पैसा मला दान म्हणून देता येणार नाही." मग घरी येऊन पतींशी बोलले आणि जितका खर्च दोघींवर झाला, त्याचा एक भाग गावातील एका मुलीच्या शिक्षणासाठी वेगळा काढला. याने प्रश्न सुटला, असा माझा दावा नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याचा मान राखला गेला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. मोतीला तिच्या पेटीची सवय महिनाभर आधीपासून लावली होती. पेटीत प्राण्याला मान न वाकवता उभे राहता आले पाहिजे, वळता आले पाहिजे, पाय पसरून झोपता आले पाहिजे, असा नियम आहे. आत मी माझी जुनी सुती साडी अंथरली होती. पेटी गाडीत चढवताना राजा ओट्यावरून उठला नाही. त्याने दोनदा शेपटी आपटली आणि डोळे मिटले. मुंबईहून डब्लिनला थेट विमान नसल्याने मध्ये एक थांबा होता. तेथे मी काचेआड चहा घेत बसले होते आणि त्या दोघी कुठल्या पोटात, कुठल्या अंधारात असतील याचा विचार करत होते. डब्लिनला पशुवैद्यकाने यंत्र मानेवरून फिरवले, पंधरा आकडे कागदाशी जुळवले, औषधाची तारीख पाहिली आणि सही केली. सात महिन्यांचे काम काही मिनिटांत संपले. मोती पेटीतून बाहेर आली, तिने थंड हवा हुंगली आणि माझ्या पायांत येऊन बसली.

त्या रात्री गाडीतून पश्चिमेकडे जाताना मला तोबीतच्या ग्रंथाची आठवण झाली. आपल्या कॅथॉलिक बायबलमध्ये हा ग्रंथ आहे. तरुण तोबियास दूरदेशी निघतो, सोबत ओळख लपवलेला राफाएल देवदूत असतो आणि मागोमाग एक कुत्रा. तिकडे तोबियासचे लग्न होते, तो पत्नीला घेऊन अंध पित्याकडे परततो. साऱ्या ग्रंथात त्या कुत्र्याचा उल्लेख दोनच ठिकाणी येतो, जाताना आणि येताना. त्याला नाव नाही, काही काम नाही. तरीही लिहिणाऱ्याने त्याला वगळले नाही. लग्न, दूरचा प्रवास, दृष्टी गेलेले वडीलधारे माणूस आणि मागून येणारा कुत्रा; आमच्या गाडीत त्या रात्री फक्त देवदूत दिसत नव्हता.

सासूबाईंचे घर लॉख मास्क या मोठ्या सरोवराच्या काठी, डोंगराच्या उतरणीवर आहे. हा आयरिश भाषा बोलणाऱ्यांचा मुलूख. भोवती दगडी बांध आणि जिकडेतिकडे मेंढ्या. दुसऱ्याच दिवशी शेजारचा शेतकरी भेटायला आला. बोलणे नम्र होते, पण अर्थ पक्का होता. मेंढ्या विण्याचे दिवस जवळ आले होते. अशा वेळी कुत्रा नुसता कळपामागे धावला तरी गाभण मेंढ्यांचे गर्भ पडतात. मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला, दुसरा उपाय उरला नसेल तर, गोळी घालण्याची मुभा शेतकऱ्याला १९८६ च्या श्वान नियंत्रण कायद्याने दिली आहे. तो म्हणाला, असे करण्याची वेळ माझ्यावर आणू नका.

मोती जन्मभर मोकळी फिरलेली. सकाळी वाडीत, दुपारी बावखलावर, संध्याकाळी मासळीवालीच्या मागे. तिचे घर एक होते, पण गाव सगळे तिचे होते. आयर्लंडमध्ये कुत्र्याला मालक असतो, गाव नसते. तेथे प्रत्येक कुत्र्याला परवाना लागतो. एकटा भटकताना आढळला तर त्याला कोंडवाड्यात नेतात आणि पाच दिवसांत मालक आला नाही, तर पुढचा निर्णय ते घेतात. त्या दिवसापासून मोतीच्या गळ्यात दोरी आली. पहिले काही आठवडे ती दारात बसून दोरीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत असे. तिला सुरक्षित ठेवण्यासाठी तिचे जे हिरावून घेतले, त्याचा मोबदला मी तिला देऊ शकले नाही. रोज दोन वेळा, पाऊस असो वा वारा, तिला तळ्याकाठी फिरवून आणणे एवढेच माझ्या हाती होते आणि ते मी करते.

दुसरी अडचण घरातली. सासूबाईंच्या लेखी कुत्रा म्हणजे मेंढ्या वळणारा, गोठ्यात झोपणारा गडी. तो चुलीपाशी येऊन बसतो, ही कल्पनाच त्यांना रुचेना. मी वाद केला नाही. सून म्हणून घरात माझे चार दिवसही झाले नव्हते. मोतीची पथारी मागच्या पडवीत घातली. मनीला मात्र कुणी अडवू शकले नाही. तिसऱ्या दिवशी ती सासूबाईंच्या मांडीवर होती. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवत मला शाळेत शिकलेली एक जुनी आयरिश कविता सांगितली. नवव्या शतकात मायदेशापासून दूर, युरोपातील एका मठात राहणाऱ्या आयरिश संन्याशाने आपल्या 'पांगुर बान' नावाच्या मांजरावर ती रचली आहे. मांजर उंदीर शोधते, मी अर्थ शोधतो, दोघेही आपापल्या कामात मग्न, असा तिचा आशय. ते हस्तलिखित आज ऑस्ट्रियातील एका मठात आहे. अकराशे वर्षांपूर्वी परदेशी गेलेल्या माणसालाही मांजराची सोबत लागली होती, हे ऐकून मला फार बरे वाटले.

मोती आत आली ती सासूबाईंच्याच आज्ञेने. एका रात्री त्या उठल्या, अंधारात त्यांना वाट उमजेना. पडवीतून मोती भुंकली म्हणून आम्हाला जाग आली. सकाळी त्या म्हणाल्या, "तिच्या नखांचा आवाज मला ऐकू येतो. ती कुठे आहे ते कळते, म्हणजे दार कुठे आहे तेही कळते." त्या दिवसापासून मोतीची पथारी त्यांच्या खोलीच्या उंबरठ्यावर गेली.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये दादाचा फोन आला. राजा दुपारी ओट्यावरच गेला, झोपेत. बाहेर पाऊस पडत होता. दादाने त्याला विहिरीजवळच्या आंब्याखाली पुरले. पती बाहेर गेले होते. मी सासूबाईंजवळ जाऊन बसले आणि त्यांना सांगितले. त्यांनी माझे सांत्वन केले नाही. त्यांनी मला मेयोमधील जुनी रीत सांगितली. पूर्वी घरातील तरुण अमेरिकेला निघाला की आदल्या रात्री सारा गाव जमत असे. मृताजवळ जागतात तसे त्याच्याजवळ जागत. त्या रात्रीला 'अमेरिकन वेक' म्हणत, कारण तो पुन्हा दिसेल अशी कुणालाच आशा नसे. त्यांच्या दोन आत्या अशाच गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "या घरात जाणारे पुष्कळ झाले. इकडे येणारी तू पहिली. मागे काय ठेवून आलीस, ते मला ठाऊक असावे." मग त्यांनी राजाविषयी विचारले आणि मी संध्याकाळपर्यंत बाबांविषयी बोलत राहिले.

आज आपल्या गावांतून किती मुले-मुली देशोदेशी जात आहेत. घरी आईवडील राहतात, आणि अंगणात एखादा राजा किंवा मोती. न्यायचे असेल तर सात-आठ महिने आधी कामाला लागावे, हे मी अनुभवाने सांगते. पण त्याआधी एकच विचारावे. हे नेणे प्राण्यासाठी आहे की आपल्यासाठी? मोती आणि मनी तरुण होत्या, त्यांचे घर म्हणजे आम्ही. राजाचे घर म्हणजे तो ओटा. जिथे ज्याचे घर, तिथे त्याला राहू द्यावे. आणि मागे ठेवायचे झाल्यास अशा हाती ठेवावे, जिथे त्याचे नाव घेऊन त्याला हाक मारली जाईल.

सासूबाई आता पंच्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना जवळजवळ काही दिसत नाही. मोतीला त्या आमच्याकडून शिकलेल्या मराठीत 'ये', 'बस' म्हणतात, रागावल्या की आयरिशमध्ये बोलतात, आणि मोतीला दोन्ही समजते. दर वर्षी वीस युरो भरून तिचा परवाना नवा करून घ्यावा लागतो. अर्जात कुत्र्याची जात विचारलेली असते. यंदा पतींनी अर्ज मोठ्याने वाचत 'मिश्र' असे लिहायला घेतले, तेव्हा चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मिश्र कशाला? वसईची म्हणून लिही."